गोजराबाईचे हात आणि माझे बूच

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या, की आपण किती उपयोगी पडलो तेच आधी सांगतात. मला तसे करता येणार नाही. मी बंगळूरच्या एका इस्पितळातली औषधाची बाटली आहे, आणि माझ्यामुळे नऊ वर्षांची एक मुलगी मेली. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते. पुढे बोलताना माझा आवाज चढणार आहे. तो का चढला, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

मी तपकिरी काचेची आहे. खांद्याने रुंद, मानेने आखूड. पोटात दीड तांब्या पाणी सहज मावेल. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या तोंडाला घासून घासून एक काचेचे बूच बसवले होते. ते माझे एकटीचे होते, दुसऱ्या कोणत्याही बाटलीला बसत नसे. एकोणीसशे चोपन्न साली मी या इस्पितळाच्या बायकामुलांच्या वॉर्डात आले. माझ्या पोटावर पट्टी चिकटवली गेली आणि तिच्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत 'जंतुनाशक' असे लिहिले गेले. हलवले की साबणासारखा फेस येणारे एक पिवळसर औषध माझ्यात भरत. सुई टोचायच्या आधी कातडी पुसायला, जखम धुवायला, चिमटे बुडवून ठेवायला तेच वापरत. डॉक्टर न बघता हात लांब करत आणि मी तिथे असे. इतका माझ्यावर विश्वास.

तो विश्वास खरे तर गोजराबाईवर होता. पण हे कोणाच्या ध्यानात नव्हते.

गोजराबाई त्या वॉर्डाची आया. तिचा कोणी पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आला आणि इथलाच झाला. तीनशे वर्षांत त्या घरच्या मराठीत इतके कन्नड मिसळले, की पुण्याकडच्या माणसाला ती ऐकून गंमत वाटे. बनशंकरीच्या देवळापलीकडे शेताच्या कडेला तिचे घर होते. तिथून ती रोज सकाळी चालत येई. दर शनिवारी ती वॉर्डातल्या सगळ्या बाटल्या रिकाम्या करी, ब्रशाने आतून घासी, बुचांसकट मोठ्या तपेल्यात खळखळ उकळी आणि धुतलेल्या कापडावर पालथ्या घाली. मग औषधवाला ताजे औषध भरून देई. हे तिला कोणी शिकवले होते ते ठाऊक नाही. पण पाच वर्षांत तिने एकही शनिवार चुकवला नाही. सगळ्या इस्पितळात तिच्या बाटल्या लांबूनही ओळखू येत.

एकोणसाठ साली वॉर्डात नव्या मोठ्या सिस्टर आल्या. त्या कडक होत्या आणि कामाचा झपाटा दांडगा होता. त्यांच्याच घाईत एकदा माझे काचेचे बूच एका नर्सच्या हातून निसटले आणि फरशीवर फुटले. कोठीत तसे दुसरे नव्हते. सिस्टरनी बाजारातून लाकडी बुचे मागवली. झाडाच्या सालीची, मऊ, भुसभुशीत, आत बारीक बारीक भोके असलेली. त्यातले एक सुरीने तासून माझ्या तोंडात कोंबले. पुढे सोय म्हणून सगळ्याच बाटल्यांना तशी बुचे आली.

त्या शनिवारी गोजराबाईने मला तपेल्यात घातले. बूच उकळताना त्याचा चुरा सुटायला लागला. सिस्टर आल्या आणि ओरडल्या, "हे काय चाललंय? बुचं खराब होतील सगळी."

"मग बाटल्या कशा उकळायच्या, अम्मा?" गोजराबाईने विचारले.

"नका उकळू. संपत आलं की वरून भरा. औषधाला काय धुवायचं? औषधच सगळं धुतं."

गोजराबाईने तपेले चुलीवरून उतरवले. तिच्या कपाळावर आठी पडलेली मी पाहिली. "दोन वेळा बोलले बघा मी," असे ती पुढे अनेकदा सांगत असे. दुसऱ्यांदा ती बोलली ते महिनाभराने. माझे तोंड नाकाशी धरून ती म्हणाली, "अम्मा, याला स्वल्प वास येतोय." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही आया आहात. डॉक्टर नव्हे."

गोजराबाई म्हणाली, "सरी." म्हणजे बरे.

मित्रांनो, त्या बुचाच्या भोकाभोकांत काय चालले होते ते मला कळत होते. ते बूच औषधाची ताकद शोषून घेत होते, आणि त्याच भोकांत जंतूंनी घर केले होते. साधे जंतू नव्हेत. पेनिसिलिनला, स्ट्रेप्टोमायसिनला ते भीक घालत नसत. तुमच्यासारख्या धडधाकट मुलांचे असले जंतू सहसा काही वाकडे करू शकत नाहीत. मोरीत, नळाच्या तोंडाशी, ओल्या फडक्यात ते असतातच. पण ज्याच्या अंगातली झुंजायची ताकदच संपली आहे, अशा माणसाची ते वाट पाहत असतात. दर वेळी माझ्यात वरून औषध ओतले जाई, ते पातळ होत जाई, आणि जंतू वाढत जात. मी बाटली. मला तोंड होते आणि त्यात बूच होते. मी कोणाला सांगणार?

साठ सालच्या मार्चमध्ये नीला नावाची तरुण बाई वॉर्डात होती. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. तिला देत होते ते औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारत असे. तिच्या दंडाची नस उघडण्याआधी कातडी माझ्यातल्या औषधाने पुसली. आठवड्यात ती गेली. सगळे म्हणाले, आजारच तसा होता. त्यावर कोणी दुसरा विचार केला नाही.

जुलैमध्ये वीणा आली.

वीणाचे वडील पद्माकर विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. पुण्याहून येऊन त्यांना दोनच वर्षे झाली होती. वीणाची मूत्रपिंडे बिघडली होती. अंगावर इतकी सूज, की डोळे उघडत नसत आणि पोट नगाऱ्यासारखे झाले होते. वॉर्डाचे तरुण डॉक्टर गुरुराज यांनी तिला एक नवे औषध सुरू केले. "याने सूज उतरेल," ते तिच्या आईला, प्रेमाबाईंना, म्हणाले, "पण हे औषध चालू असताना तिच्या अंगाची रोगाशी लढायची शक्ती कमी होते. तिला जपायला हवं. बाहेरचं खाणं नको, गर्दी नको."

प्रेमाबाईंनी सगळे जपले. घरून उकळलेले पाणी आणले, धुतलेली चादर आणली. पण इस्पितळाचा नियम असा, की आईने फक्त चार ते सहा थांबायचे. बाकीचा दिवस वीणा एकटी. आजूबाजूला कन्नड, तमीळ, तेलुगू. तिला कोणाचे काही कळेना. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, तेव्हा गोजराबाई खाटेशी येऊन म्हणाली, "का ग पुट्टी, आय गेली म्हणून रडतीस काय? येणार की चारला."

वीणाने डोळे पुसले. "तुम्हाला मराठी येतं?"

"माझीच भाषा की ती."

"अशी मराठी नसते," वीणा म्हणाली.

"मग कशी असते ती तू शिकीव मला. मी तुला कन्नड शिकिवते. चालंल?"

त्या दिवसापासून दोघींची शाळा सुरू झाली. माझे कपाट वीणाच्या खाटेच्या डोक्याशीच होते, म्हणून मला सगळे ऐकू येई. वीणा कडक मास्तरीण होती. "'शिकीव' नाही, 'शिकव'." गोजराबाई झाडू हातात धरून म्हणे, "शिकव." आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'शिकीव' म्हणे. वीणा पोट धरून हसे. तिसऱ्या आठवड्यात तिचे डोळे नीट उघडले. हातापायांची सूज उतरली. फक्त पोटातले पाणी उरले होते आणि त्याने तिला श्वास घ्यायला त्रास होई. गुरुराज डॉक्टरांनी ठरवले, सुईने ते पाणी काढायचे.

त्यांनी हात नीट धुतले होते. सुई उकळलेली होती. त्यांनी कापसाचा बोळा माझ्यातल्या औषधात भिजवला आणि वीणाच्या पोटावर काळजीपूर्वक फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. ते जितके काळजीपूर्वक पुसत होते, तितके ते जंतू तिच्या अंगाला लावत होते.

दोन दिवसांनी सुईची जागा लाल झाली. मग तिच्या मधोमध काळा डाग पडला. बँडेजवर निळसर हिरवा डाग आणि गोडसर वास येऊ लागला. ताप फारसा नव्हता, कारण ते नवे औषध ताप दाबून ठेवत होते. म्हणून पहिला दिवस कोणी घाबरले नाही. आणि मित्रांनो, हे सांगताना आजही माझ्या काचेला तडा जाईल असे वाटते. रोज सकाळी ती जखम स्वच्छ करत. कशाने? माझ्यातल्याच औषधाने.

जखमेतले पाणी प्रयोगशाळेत गेले. तिथे डॉक्टर हेमलता होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे नागपूरहून इथे आलेल्या, तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तो जंतू काचेच्या ताटलीत वाढवला आणि त्याच्यावर चार औषधांच्या गोल चकत्या ठेवल्या. पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरोमायसेटिन, टेट्रासायक्लिन. दुसऱ्या दिवशी चारही चकत्यांना चिकटून हिरवी वाढ होती. जंतूला काहीच झाले नव्हते. एकच औषध चालण्यासारखे होते, पॉलिमिक्सिन, आणि ते बंगळुरात मिळाले नाही. पद्माकरांनी मुंबईच्या भावाला तार केली. चौथ्या दिवशी विमानाने औषध आले.

गुरुराज डॉक्टरांनी ते हातात धरून पद्माकरांना सांगितले, "हे मूत्रपिंडांना वाईट असतं. आणि हिची मूत्रपिंडं आधीच आजारी आहेत. पण दिलं नाही तर..."

"द्या," पद्माकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वीणा गेली. नियम मोडून प्रेमाबाई तेव्हा तिथे होत्या. गोजराबाई खाटेच्या पायथ्याशी वीणाचे तळवे चोळत होती. ते थंड झाले तरी ती चोळतच राहिली.

इस्पितळाचे मुख्य अप्पासाहेब दुपारी वॉर्डात आले. ते बेळगावचे. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही उत्तम बोलणारे. पद्माकर साधे गृहस्थ नव्हते, मोठ्या कारखान्यातले इंजिनिअर होते. त्यांना काहीतरी उत्तर देणे भाग होते. सिस्टर म्हणाल्या, "ती आया सारखी त्या मुलीपाशी असायची. हात लावायची, कुरवाळायची." झाले. अप्पासाहेबांनी गोजराबाईला सगळ्या वॉर्डासमोर उभे केले आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना कळेल अशा आवाजात, ते म्हणाले, "कोळकु कै! घाणेरडे हात! या हातांनी तू पोर मारलीस."

गोजराबाईने आपले हात उलटसुलट करून पाहिले. पाच वर्षे उकळत्या पाण्याने आणि सोड्याने त्यांची कातडी सोलून निघाली होती. दारात प्रेमाबाई उभ्या होत्या. त्यांना कन्नड फारसे येत नव्हते, पण अप्पासाहेबांनी तेच पुन्हा त्यांना मराठीत सांगितले. प्रेमाबाईंनी गोजराबाईकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेले नाही. संध्याकाळपर्यंत गोजराबाईला कामावरून काढून टाकले. अहवालात लिहिले गेले: आयेच्या अस्वच्छतेमुळे जंतुसंसर्ग.

आणि मी? मी कपाटात, तशीच. वरून भरलेली.

हेमलताबाईंना तो अहवाल पटला नाही. वीणा आजारी असतानाच त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांच्या हातांवरून कापूस फिरवून तपासणीला घेतला होता. गोजराबाईच्या हातांवर तो जंतू नव्हता. डॉक्टरांच्या नव्हता, सिस्टरच्याही नव्हता. मग तो आला कुठून? त्यांनी मोरी तपासली, नळ तपासले, साबण तपासला. मोरीत होता, पण थोडासा. इतका नव्हे. मग त्या तीन दिवस इस्पितळाच्या ग्रंथालयात बसल्या. तिथे परदेशी मासिकांचे गठ्ठे येऊन पडत. त्यांतल्या एका जुन्या अंकाची पाने चिकटलेलीच होती. ती सुरीने कापून त्यांनी वाचले. लाकडी बुचाच्या बाटल्यांत जंतुनाशकातच हा जंतू वाढलेला सापडला, असे कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी स्पष्ट लिहून ठेवले होते. कित्येक वर्षे ते आमच्याच ग्रंथालयात होते. नुसती पाने कापायची राहिली होती.

त्या तडक वॉर्डात आल्या आणि मला उचलून घेऊन गेल्या. बुचाचा तुकडा, माझ्यातल्या औषधाचे दोन थेंब. दुसऱ्या दिवशी ताटली हिरवीगार. तोच जंतू. त्याच चार चकत्यांना दाद न देणारा.

हेमलताबाईंनी ताटल्या आणि मला अप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवले.

"जंतुनाशकात जंतू?" अप्पासाहेब हसले. मग ताटल्या पाहून त्यांचे हसू गेले. त्यांनी एकेक ताटली पुन्हा उजेडाकडे धरली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. बुचं जाळून टाका. बाटल्या बदला. मी आजच सांगतो. तुम्ही चांगलं काम केलंत."

"आणि अहवाल?"

"तो झाला आता."

"सर, त्या बाईची नोकरी गेली. त्या मुलीच्या आईला वाटतंय की..."

"डॉक्टर," अप्पासाहेब आवाज न चढवता म्हणाले, "उद्या लोकांना कळलं की औषधातच जंतू होते, तर कोण येईल इथे? रोज शंभर माणसं येतात, त्यांनी कुठं जायचं? आया पुष्कळ मिळतात."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. म्हणूनच मला त्यांचा अधिक राग आला. हेमलताबाईंनी मला उचलले, पिशवीत घातले आणि त्या बाहेर पडल्या. बूच त्यांनी जाळले नाही. एका नळीत घालून बंद केले.

बनशंकरीच्या देवळापर्यंत बस होती, पुढे पायवाट. गोजराबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. हेमलताबाईंनी सगळे सांगितले. गोजराबाईने मला हातात घेतले, तोंडाशी नाक नेले आणि म्हणाली, "वास येतोय म्हटलं होतं मी."

"वॉर्डातल्या नर्सने सांगितलं मला. म्हणूनच आले. आपण वीणाच्या आईकडे जाऊ या."

"मी नाही येणार. ती बाई माझं तोंड बगणार नाही."

"हे तिला कळायला नको का?"

गोजराबाईने उरलेल्या शेंगा फोडून संपवल्या. मग उठली, हातपाय धुतले, लुगडे बदलले.

कारखान्याच्या वसाहतीतल्या घराचे दार प्रेमाबाईंनी उघडले. गोजराबाईला पाहताच त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "हिला इथे कशाला आणलंत?" त्या म्हणाल्या आणि दार लावू लागल्या. हेमलताबाईंनी दारात पाय घातला. तिथेच, पायरीवर उभ्या राहून, त्यांनी सांगितले. बूच, औषध, ताटल्या, अहवाल, अप्पासाहेब. एकही गोष्ट त्यांनी मऊ केली नाही.

प्रेमाबाई ऐकत होत्या. मग त्या गोजराबाईकडे वळल्या. "तुम्ही या बाटल्या उकळायचात ना? तुमच्याकडून ऐकून वीणा सांगायची मला."

"होय."

"मग का थांबलात?"

हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हेमलताबाईंनीही नाही. गोजराबाई म्हणाली, "नको म्हणून सांगितलं, अक्का. दोन वेळा बोलले. तिसऱ्या वेळी बोलायला पायजे होतं. नाही बोलले. नोकरीचं भ्या वाटलं."

मला वाटले, आता प्रेमाबाई तिला मारतील, नाहीतर मला फोडतील. त्यांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी मला गोजराबाईच्या हातून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही एवढं तरी कबूल केलंत. त्यांनी तेवढंही केलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रेमाबाई अप्पासाहेबांच्या ऑफिससमोरच्या बाकावर येऊन बसल्या. मांडीवर मी. शिपायाने विचारले, "काय काम आहे?" त्या म्हणाल्या, "साहेबांना भेटायचं आहे." साहेब भेटले नाहीत. दुपारी त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. पद्माकर तिसऱ्या दिवशी त्यांना न्यायला आले. "प्रेमा, याने वीणा परत येणार नाही," ते म्हणाले. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मग पद्माकरही बाकावर बसले. त्या दिवशी ते कारखान्यात गेलेच नाहीत.

येणारे-जाणारे विचारत, ही बाटली कसली? प्रेमाबाई मोडक्या कन्नडमध्ये सांगत, "नन्न मगळु," माझी मुलगी, आणि माझ्याकडे बोट दाखवत. पुढचे कोणी ना कोणी ओळखीचा पेशंट समजावून सांगे. आठ दिवसांत सगळ्या इस्पितळाला माहीत झाले. ज्या बदनामीला अप्पासाहेब घाबरत होते, ती त्यांच्याच दारात बाकावर बसली होती. नवव्या दिवशी गुरुराज डॉक्टर आपण होऊन आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मी सांगितलं त्यांना. तो बोळा मीच फिरवला होता. अहवाल बदलला नाही तर मी वेगळा लिहून देईन."

त्याच दिवशी अप्पासाहेबांनी प्रेमाबाईंना आत बोलावले. अहवाल बदलून टेबलावर ठेवला होता. इंग्रजीत, नीट टाइप केलेला.

"झालं समाधान?" त्यांनी विचारले.

"नाही," प्रेमाबाई म्हणाल्या. "हा कागद कपाटात जाईल. तुम्ही गोजराबाईंना वॉर्डात उभं करून बोललात. तिथंच आणि त्याच भाषेत सांगा."

अप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता शिपायाला हाक मारतील. पण ते खुर्चीतून उठले. एवढे मात्र मी त्यांच्या बाजूने सांगते, की ते उठले.

गोजराबाईला बोलावणे गेले. ती आली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. सिस्टर खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या. अप्पासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "तप्पु नम्मदु. गोजराबाईयदल्ल." चूक आमची आहे. गोजराबाईची नाही.

"साहेब," गोजराबाई मराठीत म्हणाली, "इकडं बघून सांगा."

त्यांनी वर पाहिले. पुन्हा सांगितले.

"उद्यापासून कामावर ये," ते म्हणाले.

"येते," ती म्हणाली. "पण लाकडाचं एक बूच दिसलं तर बाटलीसकट खिडकीतनं टाकीन. मग परत काढा मला."

अप्पासाहेब निघून गेले. कोणाला शिक्षा झाली नाही. सिस्टरची बदली झाली, तीही मोठ्या वॉर्डावर. नीलाच्या घरच्यांना तर कोणी कळवलेसुद्धा नाही. त्यांचा पत्ता सापडत नाही, एवढेच उत्तर मिळाले. हेमलताबाईंनी तीन वेळा विचारले.

त्या संध्याकाळी प्रेमाबाई आणि गोजराबाई इस्पितळाच्या आवारात एका झाडाखाली बसल्या. मी दोघींच्या मध्ये. प्रेमाबाई म्हणाल्या, "मला रोज दोनच तास मिळाले. बाकीचा सगळा वेळ ती तुमच्याकडे होती. ती काय बोलायची, ते मला सांगा. सगळं."

गोजराबाईने पदराने तोंड पुसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. तिच्या मोडक्यातोडक्या, अर्ध्या कन्नड मराठीत. एका जागी ती अडली, तशा प्रेमाबाई म्हणाल्या, "असू दे, तसंच सांगा. ती जसं ऐकायची तसंच."

आता एकोणीसशे सदुसष्ट साल आहे. मी हेमलताबाईंच्या प्रयोगशाळेत असते. नर्सेसच्या नव्या तुकडीला दाखवायला त्या मला नेतात, दुसऱ्या इस्पितळांतही नेतात. गेल्या महिन्यात एका ठिकाणी गेलो. टेबलावर माझ्यासारख्याच चार बाटल्या होत्या. चौघींनाही लाकडी बुचे. तिथले डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे कधी काही झालं नाही."

हेमलताबाईंनी विचारले, "कधी तपासलंत?"

ते घड्याळाकडे पाहू लागले.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी मोठे होऊन डॉक्टर व्हाल, कोणी नर्स, कोणी औषधवाले. कोणी आजारी भावंडाच्या खाटेशी नुसते बसाल. वॉर्डात आजही असे कोणी ना कोणी असते, ज्याच्या अंगात लढायला काही उरलेले नसते. त्याच्या अंगाला जे लागणार आहे ते कितीही स्वच्छ दिसो, त्याच्या पट्टीवर काहीही लिहिलेले असो, तुम्ही विचारा. हे शेवटचे कोणी धुतले? कधी धुतले? कोणी तपासले? उत्तर मिळाले नाही तर ते वापरू देऊ नका. समोरचे माणूस मोठे असेल. त्याला राग येईल.

येऊ द्या.